पांढरी गाठोडी

टाळ्या वाजवायला काय जातं? दोन हात धड असले की झालं. साथीच्या त्या दिवसांत आक्काच्या इमारतीतली माणसं रोज संध्याकाळी सात वाजता सज्ज्यांत येऊन उभी राहायची आणि इस्पितळात काम करणाऱ्यांसाठी टाळ्या पिटायची. कोणी डबा बडवायचं, कोणी शिट्टी वाजवायचं, आणि पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी तर भोंगा तोंडाला लावून 'आपल्या योद्ध्यांना सलाम' असं घसा फाटेस्तोवर ओरडायचे. नेमक्या त्याच वेळेला इस्पितळाच्या धुलाईखात्यातून शिफ्ट संपवून आलेले दोन योद्धे, म्हणजे आक्का आणि तिची धाकटी जाऊ, खाली फाटकाबाहेर पिशव्या घेऊन ताटकळत उभे असायचे. कारण फाटकाला कुलूप. ते कुलूप त्याच सेक्रेटरींनी घातलेलं. इस्पितळातल्या लोकांनी पुढच्या जिन्याने यायचं नाही, मागच्या लोखंडी जिन्याने यायचं, कठड्याला हात लावायचा नाही, असा ठराव झाला होता, आणि मागच्या फाटकाची किल्ली टाळ्या संपल्याशिवाय काही खाली यायची नाही.

धाकटीला याचं हसूच यायचं. "आक्का, आपल्यासाठीच चाललंय सगळं, जरा हात तरी हलवा," ती म्हणायची, आणि खरंच वर बघून हात हलवायची. मग वरची माणसं आणखी जोरात टाळ्या वाजवायची. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती तिथूनच म्हणायची की टाळ्या आवरा आणि किल्ली टाका, पाय तुटलेत आमचे. पण त्या कल्लोळात ऐकतंय कोण.

आक्काला ते शब्दच मुळी सहन होत नसत. योद्धे म्हणे. लढाई म्हणे. आघाडीवर म्हणे. टीव्ही लावला की शत्रू, पेपर उघडला की रणभूमी. अरे, लढाईला जाणाऱ्याच्या हातात निदान एक काठी तरी देतात. हिच्या हाताखालच्या आठ बायांना आठवड्याला दोन मास्क मिळत होते आणि हातमोजे फाटले की फाटलेले दाखवल्याशिवाय नवे मिळत नव्हते. इस्पितळाच्या दारात मोठा फलक लागला होता, 'आमचे योद्धे' म्हणून. त्यावर सहा डॉक्टर, दोन नर्स आणि मधोमध प्रशासनाचे साहेब, हाताची घडी घालून. साहेबांचं युद्ध चौथ्या मजल्यावर, खिडकी बंद करून चाललं होतं. धुलाईखातं त्या फलकावर कुठेच नव्हतं आणि आक्काला त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं. फोटो नको, हातमोजे द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने तीनदा अर्ज करून कळवलं होतं.

आक्का या खात्याची मुकादम. बावीस वर्षं तिने तळघरात काढली होती. नवरा गेल्यावर याच नोकरीने तिला उभं केलं, आणि पाच वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं शिवणकाम बसलं तेव्हा तिनेच साहेबांच्या मागे लागून धाकटीला इथे चिकटवलं. दोघींच्या खोल्याही तिसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी, मधे काय ती एक भिंत. धाकटीची मुलगी चौदा वर्षांची, जेवायला आईकडे आणि झोपायला काकूकडे, असा प्रकार. आक्काला मूलबाळ नव्हतं. पोरीवर तिचा किती जीव होता ते साऱ्या इमारतीला माहीत होतं.

आता तळघरातलं काम कसं चालतं ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वॉर्डातून मळके कपडे पांढऱ्या गाठोड्यांत बांधून खाली येतात. चादरींच्या घड्यांत काय सापडत नाही ते विचारा. कात्र्या, चिमटे, सुया, चमचे, चष्मे. एकदा तर कुणाची तरी कवळी सापडली होती, आणि ती तीन वॉर्डांत फिरवूनही कोणी 'माझी' म्हणेना. तीन वर्षांपूर्वी असाच एक चिमटा मोठ्या मशीनमध्ये गेला, आतला ड्रम फाटला आणि अकरा दिवस सगळ्या इस्पितळाच्या चादरी बायांनी हाताने धुतल्या. हातांची सालटी निघाली. तेव्हापासून तळघरात एकच नियम झाला, की झटकल्याशिवाय चादर मशीनमध्ये जाणार नाही. गाठोडं लांब टेबलावर उघडायचं, चादरीची दोन टोकं धरायची आणि फाडकन झटकायची, खणकन काही पडलं तर उचलून बाजूला ठेवायचं. बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल, पण तिथल्या बायांच्या हाताला ते इतकं बसलं होतं की घरच्या चादरीसुद्धा त्या तशाच झटकायच्या. धाकटी यात सगळ्यांत तरबेज. एका दमात चाळीस चादरी झटकायची आणि वर गाणं म्हणायची.

साथ आली तशा लाल पिशव्या आल्या. साथीच्या वॉर्डाचे कपडे त्या लाल पिशवीत भरायचे आणि पिशवी न उघडता, न झटकता, तशीच मशीनमध्ये टाकायची. गरम पाण्यात ती आपोआप विरघळते. चांगली सोय होती, नाही कोण म्हणतंय. सतरा दिवस टिकली. अठराव्या दिवशी लाल पिशव्या संपल्या आणि साथीच्या वॉर्डाचे कपडेही पांढऱ्या गाठोड्यांत यायला लागले, वर नुसती चिठ्ठी टाचलेली. आक्काने साहेबांकडे माणूस पाठवला. पिशव्या मागवल्यात, येतील, असं उत्तर आलं. दोन दिवस आक्काने चिठ्ठीवाली गाठोडी न उघडता तशीच मशीनमध्ये लोटली. तिसऱ्या दिवशी आतून खडखडाट झाला आणि मशीन थांबलं. कात्री निघाली. मिस्त्री येऊन दुपारपर्यंत दुरुस्ती झाली, पण तोवर वर दोन वॉर्डांत चादरी संपल्या होत्या.

मग साहेबांचा फोन आला. साहेब फोनवरही भाषणच करायचे. या युद्धात एक मशीन बंद पडणं म्हणजे एक तुकडी पडण्यासारखं आहे, वगैरे वगैरे. आणि शेवटी म्हणाले की सगळी गाठोडी उघडून, झटकूनच टाका, मास्क दिलेत ना तुम्हाला. आक्काने एकदा विचारलं, साथीच्या वॉर्डाचीसुद्धा? साहेब म्हणाले, सगळी म्हणजे सगळी. फोन ठेवला.

आक्का टेबलापाशी आली. तिचं डोकं आधीच तापलेलं, सकाळपासून वरून सतरा जणांचे टोमणे खाल्लेले. तिने बायांना सांगितलं की आता सगळं उघडून झटकायचं. सात बाया गप्प बसल्या. धाकटी तेवढी चिठ्ठीवाल्या गाठोड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, ही तिकडची आहेत. ही नको उघडू या."

यावर आक्का काय म्हणाली, ते तिने पुढे दोन महिने कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, "उघड मुकाट्याने. मशीन परत बंद पडलं तर काय तुझा बाप येणार आहे धुवायला?"

धाकटीने गाठ सोडली. आक्का चिडली की असंच बोलायची. घरी, दारी, तळघरात, सगळ्यांना तिच्या जिभेची सवय होती. नऊ दिवस धाकटी त्या टेबलापाशी साथीच्या चादरी झटकत होती, कारण तिचा हात सगळ्यांत चलाख. दहाव्या दिवशी तिला ताप भरला. तिला वरच्या वॉर्डात दाखल केलं त्याच दुपारी लाल पिशव्यांची खोकी तळघरात येऊन पडली. अकरा दिवसांनी धाकटी गेली, आणि तिच्या खाटेवरची चादर लाल पिशवीतून व्यवस्थित खाली आली. पिशवीवर खाटेचा नंबर होता म्हणून आक्काला कळलं. तिने ती स्वतः मशीनमध्ये टाकली आणि मशीन थांबेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिली.

इकडे इमारतीतल्या टाळ्या एका दिवसात बंद पडल्या. धाकटीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी सात वाजता सज्जे रिकामे. दिराच्या दारावर कागद चिकटवला गेला, 'संसर्गित घर, लांब राहा', आणि तो सेक्रेटरींनी चारही कोपऱ्यांना डिंक लावून इतका पक्का बसवला की चौदा दिवसांनी खरवडून काढताना दाराचा रंग गेला. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर वारले. म्हातारे होते, दम्याचे होते, रोज पेपर आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे, दुकानदाराशी अर्धा तास गप्पा मारायचे. पण मेलेल्या माणसाच्या गप्पा कोण मोजतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की इमारतीत रोग कोणी आणला हे सर्वांना ठाऊक आहे, आम्ही नाव घेत नाही. खाली अठरा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मग कोणीतरी लिहिलं की कठड्याला हात लावताना पाहिलं होतं. मग दुसऱ्याने लिहिलं की इस्पितळातले कपडे घरी आणून धुवायची म्हणे. काल ज्या तोंडाने योद्धा म्हणत होते, त्याच तोंडाने आज 'घेऊन आली' म्हणत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हे सगळं पोरीने बापाच्या फोनवर वाचलं. दीर बिचारा भिंतीला टेकून बसलेला असायचा, त्याला फोन कुठे आहे याचं भान नव्हतं. पोर काही रडली-ओरडली नाही. एका रात्री जेवताना तिने आक्काला विचारलं, "काकू, तू तर तिच्याबरोबर असायचीस. आई खरंच निष्काळजीपणे वागली का गं?"

आक्का म्हणाली, तुझ्या आईचं काहीही चुकलं नाही. पोरीने विचारलं, मग कुणाचं चुकलं? आक्काने तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि नीट जेव म्हणून दटावलं. त्यानंतर पोरीने कधी विचारलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ती ते खाली मान घालून सोसत होती, जणू तिच्या आईने खरंच काही पाप केलं होतं. ते बघून आक्काचा जीव तुटायचा. सांगावं असं रोज मनात यायचं. पण सांगितलं तर ही पोर पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, या धास्तीने जीभ टाळूला चिकटायची. जगाला फाडफाड बोलणारी बाई, हिच्यापुढे मूग गिळून बसायची.

दोन महिन्यांनी साहेबांनी आक्काला चौथ्या मजल्यावर बोलावलं. मधे काच होती. टेबलावर दोन कागद होते.

पहिला कागद नव्या फलकाचा. साहेब फार गोड बोलले. धाकटी म्हणजे आपल्या संस्थेची शान, तिचं हौतात्म्य वाया जाऊ द्यायचं नाही, दारात सगळ्यांत वर तिचा फोटो लावू, खाली 'अमर वीरांगना' असं लिहू. तेवढा एक हसरा फोटो घरून आणून द्या. मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत होती तेव्हा या माणसाला तिचं नावही ठाऊक नव्हतं, 'ती टेबलावरची बाई' म्हणायचा.

मग त्यांनी दुसरा कागद काचेखालून पुढे सरकवला. वरून विचारणा आली होती की कर्मचारी कामावर असताना आजारी पडला तर कसा पडला ते कळवा. तीन ओळी टाइप केलेल्या होत्या. सदर महिला कर्मचारी हिने सुरक्षा सूचनांचे पालन न करता दूषित कपड्यांची गाठोडी उघडली. तसे करण्यास तिला कोणीही सांगितले नव्हते. सबब तिला झालेला संसर्ग हा तिच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे झाल्याचे दिसून येते. खाली जागा सोडलेली, 'मुकादमाची सही'.

आक्काने तो कागद दोनदा वाचला. मग शेजारचा वाचला. एकाच बाईला दारात वीरांगना म्हणायचं आणि फायलीत निष्काळजी म्हणायचं, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच पेपरवेटखाली.

ती म्हणाली, फोन तुम्ही केला होतात, सगळी म्हणजे सगळी असं तुम्ही म्हणालात. साहेब म्हणाले, कुठला फोन? लेखी काही आहे का? त्यांचा आवाज जराही चढला नाही. उलट समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "बाई, तुम्ही सही केली नाहीत तर अर्थ काय होतो, बघा. कोणीतरी तिला उघडायला सांगितलं. आणि तिथे सांगणारं कोण होतं? तुम्हीच ना? ती बिचारी गेली. तिला आता काय फरक पडतो? तुम्हाला अजून सहा वर्षं काढायचीत. आणि बाहेर तर आपण तिला वीरांगनाच म्हणणार आहोत."

आक्काला त्याच्यावर तुटून पडायचं होतं. वीस शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. पण मधे एक गोष्ट आडवी येत होती, की हा लबाड माणूस तेवढं एक खरं बोलत होता. उघडायला सांगणारी तीच होती. तो फोनवर बोलला आणि सुटला. धाकटीच्या तोंडावर, तिचा बाप काढून, ते सांगितलं आक्काने. सही केली की हे कायमचं पुरलं जाणार होतं. पोर आईला जन्मभर निष्काळजी समजेल आणि काकूच्या कुशीत झोपेल. सहीची जागा दोन बोटं रुंद होती.

तिने पेन उचललं, टाइप केलेल्या तिन्ही ओळींवर आडव्या रेघा मारल्या आणि खाली, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. लाल पिशव्या संपल्या होत्या. साहेबांनी फोनवर सगळी गाठोडी उघडून झटकायला सांगितलं. माझ्या जावेने नको म्हटलं होतं. मी तिला दरडावून उघडायला लावलं. हातमोज्यांसाठी तीन अर्ज केले होते, ते तुमच्याकडेच असतील. त्याखाली तिने सही ठोकली, तारीख घातली आणि फोन काढून कागदाचा फोटो घेतला.

साहेबांचा चेहरा पडला. हे असं चालत नाही बाई, हा सरकारी नमुना आहे, असं ते म्हणू लागले. आक्का म्हणाली की फाडायचा असेल तर फाडा, फोटो आहे माझ्याकडे, आणि वरून विचारणा कुणी केली त्यांचा पत्ता याच कागदावर वर छापलाय. साहेबांनी मग कोरड्या आवाजात सांगितलं की चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका. बरं, म्हणाली ती. आणि दारातून परत वळून तिने सांगितलं की जावेचा फोटो मिळणार नाही, फलकावर तुमचाच आणखी मोठा करून लावा.

घरी येईपर्यंत दुपारचे चार वाजले होते. पोर आक्काच्या खोलीत खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसली होती. काकू इतक्या लवकर कशी, म्हणून तिने वर पाहिलं. आक्काने पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. साहेबांचा फोन सांगितला, धाकटी नको म्हणाली ते सांगितलं, आणि स्वतःचं ते वाक्य, बापासकट, जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सांगताना ती रडली नाही, कारण रडले तर ही पोर आपल्यालाच पाणी आणून देईल अशी तिला भीती वाटली.

पोरीने पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं ते तसंच होतं.

"आई नको म्हणाली होती?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे तिला कळत होतं."

"सगळं कळत होतं तिला," आक्का म्हणाली. "मला ऐकायचं नव्हतं."

पोरीने पुस्तक मिटलं. जन्मल्यापासून ती आक्काला 'काकू तू' म्हणायची. तिने आक्काकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "हे मला बंद खोलीत काय सांगताय? तिला नावं ठेवली ती सगळ्यांच्या देखत. खाली जाऊन प्रत्येकाला सांगा. मी बरोबर येते. तुम्ही पूर्ण सांगता का ते मला ऐकायचंय."

ते 'तुम्ही' आक्काच्या काळजात आरपार गेलं. ती उठली. गुडघे दुखत होते म्हणून भिंतीला धरून उठली, आणि पोरीने हात दिला नाही.

पहिलं दार मास्तरांच्या बायकोचं. म्हातारीने साखळी लावूनच दार उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धा मास्क दिसत होता. आक्काने सांगितलं की माझ्या जावेने काही निष्काळजीपणा केला नाही, साहेबांनी सांगितलं आणि मी तिला उघडायला लावलं. तिथे ती थांबली. मागून पोर म्हणाली, "काय शब्दांत, तेही सांगा." आक्काने तेही सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली की आमचे हे चाळीस वर्षं माझ्याबरोबर होते, आता मला कुणाचंही खरं काय उपयोगाचं, आणि दार हळूच लावून घेतलं.

तिच्या शेजारचं दार मुळी उघडलंच नाही, आतून टीव्हीचा आवाज तेवढा बंद झाला. आक्काने बंद दाराला सगळं सांगितलं. तिसऱ्या दारातल्या बाईने मधेच फोन काढून शूटिंग सुरू केलं. दोन महिन्यांपूर्वी आक्काने तो फोन हिसकावून जिन्यावरून खाली भिरकावला असता. आज तिने फोनकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संताप होताच, या बाईवर, त्या साहेबावर, पण त्यांच्यावर तो काढला की आपल्या वाट्याचा खरा दोष झाकला जातो, हे तिला दुसऱ्या दारापर्यंतच उमजलं होतं.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींनी दार सताड उघडलं. जिन्यात काय चाललंय ते त्यांच्या कानावर आलंच होतं. आक्काचं बोलणं संपेपर्यंत ते मान हलवत राहिले. मग पोरीकडे बघून हळहळले. म्हणाले की झालं गेलं, बाळ, आता तो विषय उगाळण्यात काय अर्थ आहे. आपल्या सगळ्यांना तुझ्या आईबद्दल आदरच आहे. रविवारी सगळे मिळून खाली जमू, तिच्यासाठी पाच मिनिटं टाळ्या वाजवू, शेवटी ती आपल्या इमारतीची योद्धाच होती.

"योद्धा नव्हती," पोर म्हणाली. "माझी आई कपडे धुवायची. तिला ते गाठोडं उघडायचं नव्हतं."

सेक्रेटरींचा हात दारावर तसाच राहिला. पोर त्यांच्यासमोर आणखी थोडा वेळ उभी राहिली, ते काही बोलतात का पाहत. मग ती वळली आणि आक्काकडे न बघता जिना चढायला लागली.

"चला," ती म्हणाली. "वरचे दोन मजले राहिलेत."